चाळणीची पारख : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्या

गर्भाशयाच्या मुखाशी होणाऱ्या कर्करोगाविषयी चारचौघांत बोलावयाचे नसते, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. हा नियम त्या रोगास फार मानवतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे दिवसास दोनशेंहून अधिक. आणि हे मरण अचानक येणारे नव्हे. पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंत जावयास या रोगाला बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. एवढ्या लांब मुदतीची नोटीस आम्हांस आजवर कोणत्याही मालकाने दिलेली नाही!

आम्ही डॉक्टर नव्हे. कामठीपासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या बिडी कामगार स्त्रियांत संघटनेचे काम करीत आमची उमर गेली, आणि जे थोडे वाचन झाले ते सभा आणि संप यांच्या मधल्या फटींत झाले. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण तो आमच्यापुढे आला तोच मुळी हिशेबाच्या प्रश्नासारखा. वस्तीतल्या एका बाईने आम्हांस विचारले, “भाऊ, तीन जागी तीन तपासन्या सांगते, अन् पैसेबी तीन तऱ्हेचे. खरी कोनती हाये?” एके ठिकाणी फुकट, एके ठिकाणी काही शे रुपये, एके ठिकाणी काही हजार. जिची मजुरी हजार बिड्यांवर ठरते, तिने हा प्रश्न विचारावयाचा नाही तर कोणी? त्याचे उत्तर शोधताना जे कळले, ते या पानांत सांगावयाचे आहे.

आधी रोगाचे मूळ. १९८३ साली जर्मनीतल्या हाराल्ड त्सूर हाउझेन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत एका विषाणूचा सोळा क्रमांकाचा प्रकार शोधून काढला आणि पुढच्या वर्षी अठरा क्रमांकाचा. या कामाबद्दल त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. आपण त्यास एचपीव्ही म्हणू. याचे दोनशेंवर प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही साध्या चामखिळी आणणारे. कर्करोगास कारण होणारे डझनभरच, आणि त्या डझनातही सगळे सारखे नाहीत. सोळा क्रमांक हा मुकादम, अठरा त्याचा जोडीदार. भारतात या कर्करोगाच्या पाच रुग्णांपैकी सुमारे चौघींच्या मागे हेच दोघे असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून घरे मोडतात. लग्न झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांच्या अंगी हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा येऊन जातो. दहांपैकी नऊ वेळा शरीर त्यास वर्षा-दोन वर्षांत हाकलून देते. तो कधी आला, कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. विषाणू सापडला एवढ्यावरून बायकोच्या किंवा नवऱ्याच्या वर्तनाचा पंचनामा करावयास बसणे म्हणजे सर्दी झाली म्हणून चौकशी समिती नेमण्यासारखे आहे. रोग होतो तो विषाणू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला तरच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले, की ही तपासणी साधारणपणे तिशीपासून सुरू करावी. विशीत विषाणू पुष्कळ जणींत सापडतो आणि आपला आपण जातो. तेव्हा शोधून केवळ घबराट होते. एचआयव्हीची लागण असलेल्या स्त्रियांना मात्र पंचविशीपासून तपासावे, कारण त्यांच्या शरीराची हाकलण्याची शक्ती कमी पडते. बिडी-सिगारेट ओढण्याने धोका वाढतो हेही ठरलेले आहे. पण बिडी वळणाऱ्यांसमोर त्या विषयावर बोलणे म्हणजे दुसरे व्याख्यान होईल.

आता त्या तीन तपासण्या. सर्वांत जुनी पॅपची. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टराने अमेरिकेत ती रूढ केली. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १९४३ सालचा. गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर पसरावयाच्या, रंग द्यावयाचा, आणि जाणत्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या पेशी हुडकावयाच्या. ज्या देशांनी ही तपासणी स्त्रियांना पुन्हापुन्हा, नेमाने दिली तेथे या रोगाचे मरण फार उतरले. पण तिला शिकलेले डोळे लागतात, आणि थकलेल्या डोळ्यांना संध्याकाळी पाचच्या काचेवर कमी दिसते.

दुसरी सिरक्याची. पातळ केलेले अॅसेटिक अॅसिड गर्भाशयमुखावर लावावयाचे. मिनिटभरात बिघडलेली जागा पांढरी पडते, ती नुसत्या डोळ्यांनी पाहावयाची. खर्च नाममात्र, आणि उत्तर तेथल्या तेथे. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांनी एकदा हीच तपासणी सुचविली. तिचा दोष असा, की पांढरे म्हणजे किती पांढरे यावर दोन परिचारिकांचे एकमत होईलच असे नाही. शिवाय पाळी जाण्याच्या वयात ती जागा आत सरकते आणि दिसेनाशी होते.

तिसरी म्हणजे विषाणूच शोधण्याची, अर्थात एचपीव्हीच्या रेण्वीय चाचणीची. ही पेशी कशा दिसतात हे पाहत नाही. विषाणूचा जनुकीय मजकूर, म्हणजे त्याचा डीएनए, नमुन्यात आहे काय एवढेच विचारते.

या तिघींची समोरासमोर जी तुलना झाली, आणि जिचा दाखला सगळे जग देते, ती लंडन-न्यूयॉर्कमध्ये झालेली नाही. ती झाली आपल्याच धाराशिव जिल्ह्यात. त्या वेळी त्यास उस्मानाबाद म्हणत. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती हाती घेतली, डॉ. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातली प्रमुख नावे. बार्शी निवडली जावयास एक कारण होते. तेथे १९८७ पासून खेडोपाडीच्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जात होती. कोणत्या गावात कोणास कर्करोग झाला आणि कोण त्याने गेले, हे नोंदवहीवाचून कळत नाही. आणि ते कळल्यावाचून चाचणीची परीक्षा होत नाही. हे कसे, ते पुढे येईलच.

१९९९ मध्ये काम सुरू झाले. गावांचे बावन्न गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात आल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे गट वाटले गेले. एका भागास एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यास पॅप, तिसऱ्यास सिरका. चौथ्या भागास कोणतीही तपासणी नाही. त्यांना रोगाची माहिती आणि असलेल्या दवाखान्यांची वाट एवढेच. प्रत्येक स्त्रीची तपासणी आयुष्यात एकदाच झाली आणि जिच्यात दोष आढळला तिच्यावर पुढील उपचार झाले.

पहिल्या दिवसाचा निकाल पाहिला तर कोणीही फसेल. दर शंभर तपासलेल्यांत संशयित ठरल्या त्या सिरक्याने जवळजवळ चौदा, एचपीव्हीने दहा आणि पॅपने सात. आणि उपचारायोग्य असा पुढच्या पायरीचा कर्करोगपूर्व बिघाड प्रत्यक्षात सापडला तो सिरक्याच्या गटात शेकडा ०.७, एचपीव्हीच्या गटात ०.९ आणि पॅपच्या गटात १.०. म्हणजे पॅप केसभर पुढेच! त्या दिवशी हिशेब बंद केला असता, तर ‘महागडी चाचणी कशास हवी’ असे म्हणून लोक घरी गेले असते.

हिशेब बंद केला नाही, आठ वर्षे चालू ठेवला. तेव्हा निराळेच दिसले. चारही भाग साधारण सारख्या आकाराचे, एकेकात एकतीस ते चौतीस हजार स्त्रिया. न तपासलेल्या भागात या कर्करोगाने ६४ मरण पावल्या. सिरक्याच्या भागात ५६, पॅपच्या भागात ५४. एचपीव्हीच्या भागात ३४. शरीरात पसरलेला, पुढच्या टप्प्याचा कर्करोग न तपासलेल्यांत ८२ जणींत, एचपीव्हीच्या भागात ३९ जणींत. मरण निम्म्याजवळ आले, आणि तेही आयुष्यातल्या एकाच तपासणीने.

पण आम्हांस त्या अहवालातले सर्वांत बोलके आकडे हे वाटत नाहीत. ज्यांना ‘तुम्ही ठीक आहात, घरी जा’ असे सांगितले गेले, त्यांचे पुढे काय झाले? सिरक्याने घरी पाठविलेल्यांपैकी २५ जणींना, पॅपने घरी पाठविलेल्यांपैकी २२ जणींना पुढे कर्करोग निघाला. एचपीव्हीने घरी पाठविलेल्या २४ हजारांहून अधिक स्त्रियांत तो ८ जणींना निघाला. चाचणीची खरी पारख येथे होते, ती ज्यांना पकडते त्यांच्यावरून नव्हे, तर ज्यांना सोडते त्यांच्यावरून. आणि नोंदवही हवी ती याचसाठी, कारण सुटलेल्या स्त्रीच्या मागे दुसरे कोण जाणार?

त्या चौथ्या भागाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. तपासणी न देता स्त्रियांचा केवळ पाठपुरावा करावा काय, यावर पुढे वैद्यकांतच कडक टीका झाली. चालकांचे म्हणणे असे, की त्या भागात मुळात कोणतीच तपासणी होत नव्हती, तेव्हा कोणाचे काही काढून घेतले नाही. आम्ही कामगारांच्या बाजूने तीस वर्षे उभे राहिलो. ‘जे नव्हतेच ते आम्ही दिले नाही’ हा युक्तिवाद आम्हांस ओळखीचा आहे आणि तो आमच्या गळी उतरत नाही. परंतु त्याहून मोठी गोष्ट पुढची. हे उत्तर २००९ साली छापून आले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारले, या रोगासाठी तुमची कधी तपासणी झाली काय? साऱ्या देशात शंभरांत दोघींनीही होय म्हटले नाही. उत्तर मिळवावयास धाराशिवच्या स्त्रिया चालल्या; उत्तर वापरावयाची वेळ आली तेव्हा मात्र कपाटाची किल्ली हरवली.

सिरक्याच्या बाबतीतही न्याय झाला पाहिजे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा केंद्राने दुसरा प्रयोग केला. तेथे डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून सिरक्याची तपासणी त्यांच्या हाती दिली आणि ती दोन-दोन वर्षांनी चार वेळा केली. २०१४ साली निकाल छापला गेला. या रोगाचे मरण शेकडा ३१ ने कमी झाले. म्हणजे स्वस्त चाळणीही काम करते. पण एकदा नव्हे, पुन्हापुन्हा चाळावे लागते. एचपीव्ही चाचणी एकदा निर्दोष निघाली की पाच ते दहा वर्षे पुन्हा यावयास नको, हे तिच्या बाजूने पडते. फुकट तपासणीसाठी चार वेळा मजुरी बुडविणे आणि सशुल्क तपासणीसाठी एकदा बुडविणे, यांत महाग कोणती हे दवाखान्याच्या दरपत्रकावरून कळत नाही.

येथवर ठीक. पण ‘एचपीव्ही चाचणी’ ही काही एक वस्तू नव्हे. आज बाजारात तिचे शेकडो प्रकार आहेत आणि प्रत्येकाची जाहिरात ‘सर्वोत्तम’ अशीच. त्यांची आपसांत तुलना कशी करावयाची?

बिडीच्या धंद्यातली छाट आमच्या स्त्रियांना ठाऊक आहे. बाई हजार बिड्या घेऊन जाते आणि ठेकेदाराचा माणूस त्यातल्या वाईट म्हणून काही बाजूस काढतो. त्याचे दोन दोष होऊ शकतात. नजर ढिली असली तर वाईट बिडी चांगल्यांच्या कट्ट्यात जाते. नजर फाजील कडक असली तर चांगली बिडी छाटीत जाते आणि बाईची मजुरी कापली जाते. चाचणीचेही तेच. रोग असून सोडून देणे हा एक दोष, रोग नसून पकडणे हा दुसरा. आणि एक दोष कमी करावयास गेले की दुसरा बहुधा वाढतो. जो विक्रेता आपली चाचणी ‘काहीच सोडत नाही’ असे सांगतो, त्यास लगेच विचारावे, ‘पण छाट किती काढते?’

२००९ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी याच विचाराने एक नियम घालून दिला. धाराशिवला जी वापरली त्या ‘हायब्रिड कॅप्चर’ चाचणीला मापाचा गज मानावयाचे. नव्या चाचणीने तिच्या मानाने निदान नव्वद टक्के बिघाड पकडले पाहिजेत. आणि निरोगी स्त्रियांना निरोगी म्हणण्यात निदान अठ्ठ्याण्णव टक्के बरोबरी साधली पाहिजे. प्रथम वाचले तेव्हा आम्हांस हा नियम उलटा वाटला. रोगी स्त्री सुटण्यास दहा टक्क्यांची सूट, आणि निरोगी स्त्री पकडण्यास दोनच टक्क्यांची? मग कागद-पेन्सिल घेतली. समजा, हजार स्त्रिया आल्या. धाराशिवच्या प्रमाणाने त्यांतल्या सुमारे दहा जणींत बिघाड असेल, ९९० जणींत नसेल. दहांमध्ये दहा टक्के म्हणजे एक बाई. ९९० मध्ये दोन टक्के म्हणजे जवळजवळ वीस बाया, ज्यांना विनाकारण मोठ्या दवाखान्यात, दुर्बिणीच्या तपासणीला, काळजीच्या रात्री आणि बुडालेल्या मजुरीला सामोरे जावे लागेल. टक्के सारखे दिसले तरी माणसे सारखी नसतात. मोठ्या संख्येवरचा छोटा टक्का हा मोठाच असतो; पगारवाढीच्या वाटाघाटीत बसलेल्यांना हे सांगावयास नको.

आता या चाचण्यांच्या पोटात थोडे शिरू. हायब्रिड कॅप्चरची युक्ती अशी, की विषाणूच्या डीएनएवर नेमकी बसेल अशी एक जुळी साखळी नमुन्यात सोडावयाची. ती बसली की जोडी पकडून ठेवावयाची आणि तिला चमक आणावयाची. किती चमक दिसते ते यंत्र मोजते. तेरा प्रकार ती एकत्र पाहते. कोणता सापडला हे सांगत नाही. कधीकधी निरुपद्रवी प्रकारालाही ती चमक येते, म्हणजे छाट वाढते. आणि तिची एक उणीव आम्हांस विशेष वाटते. नमुन्याच्या काडीवर पेशी आल्याच नसल्या, तरी ती ‘विषाणू नाही’ असेच सांगते. मस्टरवर नाव नाही ते कामगार गैरहजर म्हणून, की मस्टरच कोरे म्हणून, हा भेद तिला कळत नाही.

पीसीआर जातीच्या चाचण्यांनी ही उणीव भरून काढली. कोविडच्या साथीत हे नाव सर्वांच्या तोंडी झाले. तीत विषाणूच्या मजकुराचा एक तुकडा घेऊन त्याच्या नकला करावयाच्या. एकाचे दोन, दोनाचे चार, असे होत अल्पावधीत कोट्यवधी. बहुतेक चांगल्या पीसीआर चाचण्या त्याच वेळी माणसाचे स्वतःचे एक जनुकही शोधतात. ते सापडले नाही तर नमुना रिता समजून पुन्हा घेतात. शिवाय सोळा आणि अठरा क्रमांक वेगळे करून दाखवितात. हे फार उपयोगाचे. सोळा क्रमांक सापडलेल्या बाईस आणि कमी धोक्याचा प्रकार सापडलेल्या बाईस एकाच रांगेत उभे करण्यात शहाणपण नाही. ‘कोबास’ नावाची या जातीची चाचणी पॅपच्या आधाराशिवाय एकटी वापरावयास अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली.

तिसरी जात ‘अॅप्टिमा’ची. ती डीएनए पाहत नाही, विषाणूच्या दोन घातक जनुकांचा आरएनए पाहते. कामगार फाटकातून आत आला एवढे डीएनए सांगतो. साचा चालू झाला की नाही ते आरएनए सांगतो. त्यामुळे हिची छाट थोडी कमी. पण डॉक्टर वा परिचारिकेने घेतलेल्या नमुन्यावरच ती वापरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नव्हे. अनेक स्त्रिया तपासणीस येत नाहीत ते दुखेल म्हणून नव्हे, तर टेबलावर निजावे लागते म्हणून. एचपीव्ही चाचणीत बाईने स्वतःच, पडद्याआड, मऊ ब्रशने नमुना घेतला तरी चालते. पण कोणत्या चाचणीला? जगभरच्या प्रयोगांची बेरीज केल्यावर असे दिसले, की पीसीआर जातीच्या चाचण्या स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही डॉक्टरांनी घेतलेल्याइतक्याच खऱ्या उतरतात. हायब्रिड कॅप्चरसारख्या चमक मोजणाऱ्या चाचण्या तेथे कमी पडतात. प्रयोगशाळेत ज्या दोघी सारख्या, त्या वस्तीत सारख्या राहत नाहीत.

वेळेचेही तसेच. मोठ्या प्रयोगशाळेतली यंत्रे सुमारे नव्वद नमुने एकदम चालवितात. त्याशिवाय ती परवडत नाहीत. आमच्याकडे काळी-पिवळी जीप शेवटचा प्रवासी बसल्याशिवाय हलत नाही, तशी गत. मुंबईत जीप तासाभरात भरते. एटापल्लीस किंवा भामरागडास दोन दिवसांत भरेल की दोन आठवड्यांत, कोणी सांगावे? यावर तोड म्हणून कुपीची यंत्रे आली. ‘एक्सपर्ट’ हे त्यांतले एक. त्याच्या एचपीव्ही चाचणीला २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेची पसंती मिळाली. एक नमुना, एक कुपी, तासाभरात उत्तर. दुसरे आपल्या शेजारचे, गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’. क्षयरोगाच्या निदानासाठी ते देशभरच्या छोट्या सरकारी दवाखान्यांत आधीच पोचलेले आहे आणि बॅटरीवर चालते. त्याच यंत्रात एचपीव्हीची चकती टाकावयाची.

ट्रूनॅटच्या नव्या एचपीव्ही चाचणीत चौदा नव्हे, आठच प्रकार शोधतात. हे ऐकून पहिला विचार येतो, की स्वस्तासाठी कापले. तसे नाही. सोळा, अठरा, पंचेचाळीस, एकतीस, तेहतीस, पस्तीस, बावन्न, अठ्ठावन्न हे आठच प्रकार जवळजवळ सगळ्या कर्करोगांमागे असतात. उरलेले सहा शोधून पकड नाममात्र वाढते आणि छाट मात्र पुष्कळ वाढते. या चाचणीची आणि पुण्याच्या मायलॅबच्या चाचणीची दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पडताळणी झाली, त्याचे निष्कर्ष २०२५ साली जाहीर झाले. अधिक शोधणारी ती अधिक चांगली, हा समज येथे सोडून द्यावा लागतो.

एका शिबिराची हकिकत सांगितली पाहिजे. संस्थेचे नाव सांगत नाही. हेतू त्यांचा चांगलाच होता. वस्तीत मांडव घातला, चाचणी उत्तम आणली, नमुने घेतले आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठविले. निकाल आले तेव्हा पावसाळा उलटला होता. तोवर काही बाया वीटभट्टीवर गेल्या, काही कापूस वेचणीस, काहींचे मोबाइल नंबर बदलले. ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांच्यापैकी ज्यांना आम्ही घरोघर हिंडून गाठले त्या पुढल्या तपासणीस गेल्या. ज्या सापडल्या नाहीत त्या अजून सापडलेल्या नाहीत. ती चाचणी कोणत्याही पुस्तकात पहिल्या क्रमांकाची ठरेल. आमच्या वहीत तिच्यापुढे काही नावांसमोर प्रश्नचिन्हे आहेत.

धाराशिवमध्ये हायब्रिड कॅप्चर जिंकली ती केवळ पकडीने नव्हे. विषाणू सापडलेल्या बाईस पुन्हा बोलावणारे, दुर्बिणीतून पाहणारे, बिघडलेली जागा गोठवून किंवा कापून काढणारे लोक बार्शीहून गावापर्यंत पोचत होते. आता तर उष्णतेने ती जागा जाळण्याचे हातात मावणारे उपकरण आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्यास मान्यता दिली. तास-दीड तासात उत्तर आणि त्याच दिवशी उपचार, हे आज छोट्या दवाखान्यातही शक्य कोटीतले आहे. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. पुढच्या उपचाराला डॉक्टर नाहीत असे आपल्यास म्हणता यावयाचे नाही. अडते ते मधल्या रस्त्यावर.

तेव्हा त्या बाईस आम्ही असे सांगितले. फुकट सिरक्याची तपासणी दारी आली तर सोडू नका, पण ती काही वर्षांनी पुन्हा करावयाची आहे हे लक्षात ठेवा. पन्नाशी उलटली असली तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. एचपीव्हीची मिळत असेल तर तीच घ्या. घेताना किती प्रकार शोधता हे विचारू नका, ते आठ असोत की चौदा. विचारा ते हे, की नमुना रिता असला तर तुम्हांस कळते काय? सोळा-अठरा वेगळे सांगता काय? मी स्वतः नमुना घेतला तर चालेल काय? निकाल कधी, आणि काही निघाले तर पुढचे कोठे, कोणत्या वारी, कोण करणार?

आता वस्तीत शिबिर भरवावयास कोणी आले, की संघटना त्यांच्याकडे एकच अट घालते. पहिल्या दिवशी बाईच्या हाती जे कार्ड देता, त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख, दवाखाना आणि तेथल्या खोलीचा क्रमांक तेव्हाच लिहून द्या. त्या दिवशीच्या बिड्या तिच्या वाटेच्या कोण वळणार, ते आम्ही पाहून घेतो.